मोठी माय, तू कोणासंगं गेलीस पाण्याले?

मोठी माय,

उकव्याच्या मँगनीज खाणीतलं बाबांचं काम सुटलं, त्या हिवाळ्यात आमच्या घरी पेजेशिवाय दुसरं काही शिजल्याचं मला आठवत नाही. नवा ठेकेदार आला, त्यानं आपली माणसं आणली आणि बाबांसारख्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. बाबा तरी जात राहिले. सकाळी डबा घेऊन निघायचे, खाणीच्या फाटकापाशी उभे राहायचे, आणि दुपारी तोच डबा न उघडता परत आणायचे. माय काही बोलली की भांडं फेकायचे. नाही बोलली तरी फेकायचे. शेवटी मायनंच गोधड्या बांधल्या, लोखंडी पेटी बसच्या टपावर चढवली, आणि घाट उतरून आम्हाला बालाघाटला तुझ्या दारात आणून उभं केलं. बसस्टँडवरून चालताना बाबा बरेच मागं राहिले होते, जसे काही ते आमच्यातले नव्हतेच.

तू विड्या वळत बसली होतीस. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. तू वर पाहिलंस आणि म्हणालीस, "आले का? पाय धुवा. भात टाकू दे मले."

किती दिवसांसाठी आलात, हे तू विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

उद्या विहारात तुझं पुण्यानुमोदन आहे. लोक म्हणतात, निर्मला, तू शिकलेली आहेस, दोन शब्द बोल. बोलेन. तुझं माहेर कोणतं, तुझा स्वभाव कसा, ते सगळं नीट बोलेन. पण ते लोकांसाठी. तुझ्याशी बोलायचं ते वेगळं आहे आणि ते मी इथं लिहिते आहे. कॉलेज हिंदीतून केलं, परीक्षा हिंदीतून दिल्या, लामत्याच्या शाळेत पोरांना शिकवते तेही हिंदीतून. पण तुझ्याशी हिंदीत बोलायचं म्हटलं तर जीभच वळत नाही.

आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, मोठी माय. साऱ्या घराचा राग तू सांभाळलास. तुझा स्वतःचा कुठं ठेवलास, एवढंच मी विचारलं होतं. तू सूप घेऊन आत निघून गेली होतीस.

तू गेल्यापासून मी झोपेत चालल्यासारखी चालते. परवा दारात उभी होते, धुकं रेल्वेच्या पटरीवरून सरकत आपल्या गल्लीत येत होतं, आणि मला वाटलं, ते विहिरीकडूनच येतं आहे, त्याच्या मागं कोणीतरी बांबू खांद्यावर घेऊन येतं आहे. कोणी नव्हतं. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीची शिटी वाजली आणि धुकं जागच्या जागी विरलं.

दोन खोल्या होत्या आपल्या. तुझ्या दोन खोल्यांत आमचं अख्खं घर येऊन पडलं. मोठे बाबा, म्हणजे तुझा नवरा आणि बाबांचे थोरले भाऊ, छोट्या लाइनीवर गँगमन. दिवसभर रुळावर वाकून काम करायचे आणि घरी आले की त्यांना पाठ टेकायला जागा हवी असायची, ती जागा आमच्या गोधड्यांनी घेतलेली असायची. बाबांना काम नव्हतं. भावाच्या ताटातलं खातो, ही गोष्ट त्यांना घास घेताना आठवायची. मग ते अर्ध्या जेवणातून उठायचे. तू आणि माय विड्या वळायच्या, मी पानं कापायची, आणि आतून कोणाचा ना कोणाचा आवाज चढलेलाच असायचा. कोणी कंदिलाची काच फोडली, कोणी कोणाच्या अंगावरून पाय टाकून गेलं. आता आठवते तर सगळी भांडणं एकमेकांत मिसळून जातात, पावसातल्या चिखलासारखी. एकच वेगळं दिसतं.

ती खुंटीची गोष्ट. बाबांनी आपला सदरा मोठ्या बाबांच्या खुंटीवर टांगला. मोठे बाबा कामावरून आले, त्यांनी सदरा काढला आणि बाजेवर टाकला. टाकला म्हणजे फेकला नाही, नुसता टाकला. पण बाबा उठले.

"माझं इथं काहीच नाही, हे दाखवून राह्यला का दादा?"

"खुंटी माझी हाय, एवढंच म्हणून राह्यलो."

"खुंटी तुमची, घर तुमचं, भात तुमचा. म्हणा न, चालता हो!"

"मी म्हणलं का? मी म्हणलं का बे?"

आणि दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. माय रडायला लागली. माझे दोघं भाऊ बाजेखाली शिरले. तू हातातल्या विडीला धागा गुंडाळत होतीस. तो पुरता गुंडाळलास, गाठ मारलीस, सूप बाजूला ठेवलंस आणि मागच्या अंगणात गेलीस. परत आलीस तेव्हा तुझ्या हातात पाण्याचा तो छोटा पत्र्याचा डरम होता, आणि बांबू. डरमला दोर बांधलेला. दोरात बांबू ओवायचा, एक टोक एकाच्या खांद्यावर, दुसरं दुसऱ्याच्या. एकट्यानं उचलला की कंबर धरायची.

"पाणी नाही घरात," तू म्हणालीस. "जा दोघं."

मोठ्या बाबांनी बाबांची गचांडी न सोडताच तुझ्याकडं पाहिलं. "आमी इथं भांडून राह्यलो, अन् तुले पाण्याचं सुचून राह्यलं?"

"हौ. भांडून झाल्यावर तहान लागन न."

उन्हाळा होता. वॉर्डातली विहीर आटली होती, फाटकापलीकडच्या विहिरीवर जावं लागायचं. दोघं गेले. परत आले तेव्हा डरम अर्धा होता आणि दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत ओले. दोघांची पावलं जुळत नव्हती, पाणी वाटभर सांडलं होतं. तू डरमात वाकून पाहिलंस. "बाप्पा! विहीर आटली का तिथली बी?" आणि पाणी माठात ओतून डरम पुन्हा त्यांच्यापुढं ठेवलास.

दुसऱ्या खेपेला मी गुपचूप मागं गेले. जाताना दोघं मुके होते. येताना फाटकाजवळ बाबांचा आवाज आला, "दादा, डावा टाका आधी."

"डावाच टाकून राह्यलो."

"मंग मी बी डावा टाकतो. हळू. हळू चाला न जरासे."

"तूच ढकलून राह्यला मागून."

"मी कुठं ढकलून राह्यलो? पाणी ढकलून राह्यलं."

मोठे बाबा हसले की खोकले, हे मला पाठीवरून कळलं नाही. डरम काठोकाठ भरलेला घरी आला. मायनं तुला हळूच विचारलं, "मिटलं का जी?" तू पुन्हा सूप मांडीवर घेतलं होतंस. म्हणालीस, "मिटलं कुठं? पाय जुळले. आजच्यापुरतं बस झालं."

तिथून ते सुरू झालं. जे भांडले ते दोघं पाण्याला. माझे भाऊ भांडले की ते, मी आणि माय भांडलो की आम्ही. कारण विचारायचं नाही, कोण चुकलं हे ठरवायचं नाही. नियम एकच होता, आणि तो तू कधी समजावून सांगितला नाहीस, नुसतं बोट दाखवायचीस. ज्याचा राग मोठा, तो मागं. कारण मागच्याच्या डोळ्यांपुढं पाणी हलतं. पुढच्याला काहीच दिसत नाही, त्याला मागच्यावर भरवसा ठेवून चालावं लागतं.

मग वॉर्डात पसरलं. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या अम्मा आपल्या पोरांवर ओरडायच्या, "झगड़ रहे हो? जाओ, बाई का डरम उठाओ!" आपला डरम घरी कमी आणि लोकांच्या खांद्यावर जास्त असायचा. कोणी दोघं बांबू घेऊन चालली की लोक वाटेतून सरकायचे, त्यांना हाक मारायचे नाहीत. एकदा आपल्याकडं पाहुणे यायचे होते म्हणून मी आणि माय साधं पाणी आणायला गेलो, तर संध्याकाळपर्यंत तिघी बाया येऊन मायला समजावून गेल्या, "पोट्टी वयात आली, सोडून दे तिचं." तू पदरात तोंड घालून हसत होतीस आणि खरं काय ते सांगत नव्हतीस.

आणि ते शिंप्याचं नवं जोडपं, आठवतं? एका खोलीत सासू, सासरा, दोन दीर आणि ती दोघं. त्यांचं रोज सकाळी भांडण व्हायला लागलं. एक दिवस भाजीत मीठ जास्त, दुसऱ्या दिवशी मीठ कमी. रोज डरम मागायला यायची, मान खाली घालून. जायची ती ऊन चढल्यावरच परत यायची, आणि डरमातला एक थेंब सांडलेला नसायचा. अम्मा म्हणाल्या, "बाई, इनका झगड़ा तो ख़तम ही नहीं होता."

"चालू द्या अम्मा," तू म्हणालीस. "भांडायले तरी जागा पाह्यजे न माणसाले."

हे सगळं आठवलं की मी इथं बसल्या बसल्या हसते, आणि माय आतून विचारते, कोणाशी बोलून राह्यली वं?

पण मोठी माय, तुझ्या माहेरचा निरोप तुझ्यापर्यंत पोचला, तो दिवसही मी पाहिला आहे.

बाबांना राइस मिलमध्ये काम लागायचं होतं. मिलचा मुकादम आपल्याकडं जेवायला येणार होता. त्यानं जेवून होकार दिला की बाबांची हमाली पक्की. तू सकाळपासून कोंबडीचा रस्सा, चिन्नोर तांदळाचा भात, असं सगळं मांडलं होतंस. मुकादमाला वाढताना हसत होतीस, "घ्या न भाऊ, लाजून राह्यले का?" तो पोटभर जेवला, बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "परसों से आ जाना." तो गल्लीच्या वळणावरून दिसेनासा झाला आणि मोठे बाबा उंबऱ्यात उभे राहून तुला म्हणाले, "तुही माय गेली. काल."

गोंदियाकडून येणाऱ्या गाडीच्या कोणा माणसानं त्यांना लाइनीवर निरोप दिला होता. आदल्या दिवशीच.

तू हात धुतलेस. पुसलेस. मी चुलीपाशी होते, मला तुझं तोंड दिसत होतं. तोंडावर काही नव्हतं. तू म्हणालीस, "भांडे घासून घेऊ दे." भांडी घासलीस. सकाळच्या गाडीनं गेलीस. तिथं सगळं झालं होतं. परत आलीस आणि पानं भिजू घातलीस.

मी लहान होते, मला एकच गोष्ट कळत होती. आता मोठी माय आणि मोठे बाबा पाण्याला जातील. मी मागच्या अंगणात जाऊन डरम ओढत आणला, बांबू दारापाशी टेकवून ठेवला. तू बाहेर आलीस, बांबूकडं पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग तो उचलून परत जागेवर ठेवलास आणि मला म्हणालीस, "पाणी भरून हाय घरात."

ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कधी कधी वाटतं, ते मी स्वप्नात पाहिलं असेल. तू पाठमोरी, पांढऱ्या उन्हात, बांबू आडवा धरलेला आणि दुसरं टोक रिकामं.

वर्षं गेली. दारात नगरपालिकेचा नळ आला. बाबा मिलमध्ये हमाल झाले, मग तोलणीवर बसले. मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. आपल्या वॉर्डातून कॉलेजात गेलेली पहिली पोरगी मी, हे मी आजही छाती काढून सांगते. तू मला सकाळी उठवायचीस आणि मी वाचत बसले की रेडिओ बंद करायचीस. कोणी तुला म्हटलं, तुला मूलबाळ नाही, तर माझ्याकडं बोट दाखवायचीस, "हे काय हाय मंग? माकड हाय का?"

शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मलाजखंडहून स्थळ आलं. पोरगा तांब्याच्या खाणीत मशीनवर, कंपनीचं क्वार्टर, पक्कं घर, आत नळ. बाबांनी मला न विचारता हो म्हटलं. मी म्हटलं, मला परीक्षा द्यायची आहे.

"लग्नानंतर दे."

"कोण देऊ देईल?"

"माझ्या घरात राहून तू मले..." आणि बाबा थांबले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा 'माझ्या घरात' म्हणाले होते. त्यांनी तुझ्याकडं पाहिलं, मोठ्या बाबांकडं पाहिलं, आणि पायात चप्पल न घालता बाहेर निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. मी समोर असले की जेवेनात. मीही बोलले नाही. मी त्यांचीच पोरगी.

एका पहाटे तू आम्हा दोघांपुढं डरम आणून ठेवलास. नळ दारात वाहत होता, त्याची धार आम्हाला ऐकू येत होती.

बाबा म्हणाले, "वहिनी, नळ चालू हाय."

"असन. आज मले विहिरीचं पाणी पाह्यजे."

"काहून?"

"पाह्यजे म्हणजे पाह्यजे. जा."

बाबांनी बांबू उचलला. ते पुढं झाले, म्हणजे राग माझा मोठा, हे त्यांनीच ठरवलं. बाहेर असं धुकं होतं की मला त्यांचं डोकंही दिसत नव्हतं, नुसता खांदा आणि त्यावर टेकलेलं बांबूचं टोक. आम्ही चालत होतो की धुकंच आम्हाला घेऊन चाललं होतं, कोण जाणे. विहिरीवर पाणी भरलं. परत निघालो. फाटक ओलांडलं तेव्हा धुक्यातून बाबांचा आवाज आला. तोंड पुढंच होतं.

"तू म्हणत असशीन, बाप अडाणी हाय."

"मी म्हणते, बाप भेला आहे."

त्यांनी बांबू खांद्यावर सरकवून नीट घेतला. मग ते म्हणाले, "हौ. भेलो. उकव्याले काम होतं अन् दुसऱ्या दिवशी नव्हतं. तुह्या मायनं पेटी बांधली, मी मागून चालत आलो. पक्कं घर देऊ नाही शकलो कोणाले. वाटलं, तुले तरी भेटन."

"पक्कं घर मी घेईन बाबा."

"घेशीन?"

"हौ."

"मंग नीट चाल. पाणी सांडून राह्यलं."

परीक्षा होईपर्यंत लग्न नाही, हे सांगायला बाबा स्वतः बसनं मलाजखंडला गेले. आणि तू, मोठी माय, तो सगळा डरम वालाच्या वेलीला ओतलास. म्हणालीस, "इले विहिरीचंच लागते." याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. रोज घरात दिसणाऱ्या माणसाचे आभार मानायचे असतात, हे आपल्यात कोणाला ठाऊकच नाही.

बी. ए. झाले. आणि बी. ए. झालेल्या माणसाला जे होतं ते मला झालं, मला सगळ्यांना विचारावंसं वाटू लागलं. दुपारची वेळ होती, तू आणि मी दोघीच. मी पानं कापत होते. म्हटलं, "मोठी माय, साऱ्यांना तू पाण्याले पाठवलं. तू कोणासंगं गेलीस?"

"मले राग येत नाही कोणाचा."

"खोटं."

"खोटं काहून बोलीन?"

"तुझी माय गेली तेव्हा मोठ्या बाबांनी सांगितलं नाही. मी बांबू आणून ठेवला होता. तू उचलून परत ठेवलास."

तुझा हात थांबला. तुझा हात थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "त्याईले बोलून माय परत आली असती का?"

"तुझा राग तरी बाहेर आला असता."

"अन् माहा राग बाहेर आल्यावर? तुह्या बापानं या घरात एक घास खाल्ला असता का? पेटी उचलून चालता झाला असता. तुमी सारे कुठं गेले असते? भांडण करणारे दोघं पाण्याले गेले तर मागं कोणी तरी चूल पाहाले लागते, पोरी."

"म्हणजे घर उभं राहायला तू एकटीनं गप्प बसायचं? हा कुठला न्याय?"

"शिकली म्हणून मले शिकवू नोको," तू म्हणालीस आणि सूप घेऊन आत गेलीस. संध्याकाळी मला नेहमीसारखं वाढलंस. पण तो विषय तू बंद केलास आणि मीही पुन्हा उघडला नाही.

मी अजूनही म्हणते, माझं खरं होतं. तुझंही खोटं नव्हतं. बाबा खरंच पेटी उचलून गेले असते. पण एका माणसाच्या गप्प बसण्यावर अख्खं घर टेकून ठेवायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आज तू नाहीस म्हणून पटवून घेणार नाही.

मग तुझी छाती धरली. विड्यांच्या तंबाखूनं, असं सगळे म्हणाले. सरकारी दवाखान्यात खिडकीपाशी तुझी खाट होती. ऊन तुझ्या पायांवर यायचं, हळूहळू वर चढायचं, गळ्यापर्यंत आलं की दुपार झाली असं तू म्हणायचीस. तू अर्धी झोपेत, अर्धी जागी. कधी मला मायच्या नावानं हाक मारायचीस, कधी तुझ्या मायच्या. मला वाटायचं, तू हळूहळू खूप लांबच्या गावाला निघाली आहेस आणि मधल्या स्टेशनांवर थोडी थोडी थांबते आहेस.

त्या दुपारी मी संत्रं सोलत होते. मोठे बाबा स्टुलावर बसले होते. बाबा डबा घेऊन नुकतेच दारात आले होते. तू डोळे उघडलेस आणि पाणी मागावं तशा आवाजात म्हणालीस,

"माही माय गेली तवा तुमी मले सांगतलं नाही."

मोठ्या बाबांनी मान वर केली.

"त्या मुकादमाले मी हासून हासून वाढलं. तिकडं माय अंगणात ठेवली होती."

बाबा दारातच थिजले. डबा त्यांच्या हातात तसाच. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला वाटलं, आता काय होईल? तू आयुष्यभर जे अडवून धरलं होतंस, ते आता होणार.

मोठे बाबा म्हणाले, "हौ."

मग म्हणाले, "भेलो होतो मी. धाकट्याचं काम जाईन म्हणून."

"ते मले ठाऊक हाय. तरी सांगाले पाह्यजे होतं."

"हौ. पाह्यजे होतं."

"मले राग आलाय तुमचा."

"येऊ दे."

"लय, गंज राग आलाय."

"येऊ दे. मी बसून हाव इथंच."

बाबा आत आले. त्यांनी डबा खाली ठेवला, तुझ्या पायांशी बसले आणि म्हणाले, "वहिनी, माह्यावर बी राग येऊ द्या. त्या दिवशीचं जेवण माह्यासाठीच होतं." तू त्यांच्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "तुहा बी आलाय." बाबांनी मान हलवली. ते उठून गेले नाहीत.

तू नुसतं म्हणून थांबली नाहीस. खरंच रागावलीस. मोठ्या बाबांच्या हातचं पाणी घेतलं नाहीस. त्यांनी पेला पुढं केला की तोंड फिरवायचीस, मग मी पाजायची. त्यांनी विचारलं की तू मला सांगायचीस, "त्याईले म्हण, दुखून नाही राह्यलं." नर्स हसायची. मोठे बाबा रोज सकाळी येऊन त्याच स्टुलावर बसायचे आणि रोज पेला पुढं करायचे. एका सकाळी तू तो घेतलास. "गरम करून आणलं असतं तर," एवढं म्हणालीस आणि पिऊन टाकलंस.

त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस.

माझं खरं होतं, असं तू मला सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. तुला ते सांगायचं होतं का, की ते सगळं तापाच्या गुंगीत आपोआप बाहेर आलं, हे मला कधी कळणार नाही. पण तुझ्या तोंडावर त्या दिवसांत जे काही होतं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तू चिडलेली होतीस आणि तू सुंदर दिसत होतीस.

काल मोठे बाबा आणि बाबा अंगणात बसून उद्याच्या मांडवाचं बोलत होते. दोघांचे आवाज चढले. मोठ्या बाबांनी म्हटलं, तुले काही समजत नाही. बाबांनी म्हटलं, तुमाले तरी कुठं समजते. मग थोड्या वेळानं दोघं एका ताटात जेवले. माय वाढत होती. मी हे लिहिते आहे, तेव्हाही पुढच्या खोलीतून त्यांचं बोलणं ऐकू येतं आहे.

मोठी माय, तू तुझा राग बोललीस. आणि घर मोडलं नाही.